नोराचे गाव

परवा एम. ए.च्या वर्गात तौलनिक साहित्याच्या तासाला, अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’च्या निमित्ताने, इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ वाचून संपवले. हे नाटक संपले की वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग मागच्या बाकांवरून एखादी मुलगी तोच प्रश्न विचारते : ‘मॅडम, पण नोरा जाते कुठे?’ गेली अठरा वर्षे मी हा प्रश्न ऐकते आहे. दार बंद झाल्याचा आवाज आला की नाटक संपले, त्यापुढचे विचारणे हे कलाकृतीच्या बाहेरचे, असे मी सुरुवातीला सांगत असे. तसे सांगणे सोपे होते आणि ते शास्त्रशुद्धही वाटायचे. आता सांगत नाही. आता मी त्यांना तिसऱ्या अंकाची शेवटची पाने पुन्हा उघडायला लावते. असे का, हे वर्गात सांगता येत नाही, कारण त्यात माझे स्वतःचे बरेच आहे. म्हणून इथे लिहिते आहे.

२००६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मी तीन दिवस ओस्लोला होते. एकटी होते. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नाट्यविषयक एक वर्षाचा अभ्यासक्रम नुकताच संपला होता. नॉर्वेजियन नाटकांची मराठी रूपांतरे हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. ती छापून, बांधून, कार्यालयात देऊन झाली होती. परतीच्या विमानाला तीन आठवडे होते. वर्गातल्या बाकीच्या मुली पॅरिसला निघाल्या. मला मात्र वर्षभर जिच्याविषयी लिहिले ती जागा एकदा पाहायची होती. ज्या रस्त्यांची नावे तळटीपांत उतरवली, त्यांवरून एकदा चालायचे होते.

या शिक्षणाचे पैसे कसे उभे राहिले तेही सांगितले पाहिजे. पुण्याला मराठीत एम. ए. झाल्यावर मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. परदेशी जायचे ठरले तेव्हा अर्धी फी शिष्यवृत्तीतून सुटली, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज. माझे वडील, अण्णा, बार्शीला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. राहते घर तारण ठेवून ते जामीनदार झाले. बँकेत कर्जाच्या कागदांचे प्रत्येक पान त्यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसे वाचले, एका ठिकाणी स्पेलिंगची चूक साहेबांना दाखवली, आणि मग शेवटी सही केली. ती सही अजून डोळ्यांपुढे आहे. शिक्षकाची सही, एकही अक्षर न गाळलेली.

ओस्लोला जायचे ठरवल्यावर रविवारच्या फोनवर मी अण्णांना सांगितले, की वर्गातल्या दोघीजणी बरोबर आहेत, एक ग्रीक आणि एक तैवानची. दोघी खऱ्या होत्या. फक्त त्या पॅरिसला गेल्या होत्या. हे खोटे मी काही फार विचार करून बोलले असे नाही. ‘एकटी’ हा शब्द बार्शीच्या घरात कसा ऐकला जाईल, आई रात्रभर कशी जागी राहील, हे क्षणात दिसले आणि तोंडातून दोघीजणी बाहेर पडल्या. उगाच त्यांना काळजी नको, असे मी स्वतःला सांगितले. हे वाक्य आपण मुली किती सहज म्हणतो!

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी पीएच. डी.साठी थांबशील का, असे विचारले होते. फी माफ होणार होती. पहिल्या वर्षाचा राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र माझा मला करायचा होता. सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. ते उत्तर बरोबर घेऊनच मी विमानात बसले.

विमानाचे तिकीट इतके स्वस्त होते की विमानतळापर्यंतच्या बसला त्याहून अधिक पैसे पडले. स्वस्ताईचे कारण उतरल्यावर समजले. तिकिटावर ओस्लो लिहिले होते, पण विमान उतरले ते टोर्पला, शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवर. पुण्याचे तिकीट काढावे आणि साताऱ्याला उतरवावे, तसे. पण त्यामुळे एक झाले. टोर्पपासून इब्सेनचे जन्मगाव शीएन जवळ आहे. बस निघाली ती मात्र उलट्या दिशेला. इब्सेन लहान असतानाच त्याच्या वडिलांचा व्यापार बुडाला, घर कर्जात गेले, आणि पंधराव्या वर्षी तो औषधांच्या दुकानात उमेदवारी करायला ग्रिमस्टाडला निघून गेला. कर्जाच्या कागदाखाली माणसे कशी चिरडतात हे त्याला नाटकासाठी कल्पनेने शोधावे लागले नसणार. बसच्या खिडकीतून गवताच्या उतरणी, लाल रंगाची लाकडी घरे आणि मध्येच चमकणारे पाणी दिसत होते. मी मनातल्या मनात सोमवारच्या उत्तराचे दोन मसुदे करत होते.

ओस्लोत पाऊल ठेवल्यापासून डोक्यात एकच पाढा सुरू झाला. त्या वेळी एक क्रोन म्हणजे साधारण सात रुपये. कॉफीला सात, पावाला सात, ट्रामला सात. सातने गुणले की बहुतेक गोष्टी नको वाटायच्या. म्हणून मी चालले. ओस्लो मी पायांनीच पाहिले.

कार्ल योहान हा तिथला मुख्य रस्ता. एका टोकाला रेल्वे स्थानक, दुसऱ्या टोकाला चढावर राजवाडा. त्याच्या मधोमध राष्ट्रीय रंगभूमीची इमारत आहे. १८९९ सालची. तिच्या दारापुढे दोन पुतळे उभे आहेत, इब्सेन आणि ब्यर्नसन. इमारत उघडली तेव्हापासून ते तिथे आहेत, आणि त्या वेळी हे दोघेही हयात होते. आपलाच पुतळा ओलांडून नाटक पाहायला जाणे काय असते, कोण जाणे! इब्सेनचा पुतळा मान खाली घालून काहीतरी पुटपुटत असल्यासारखा. ब्यर्नसनची मान ताठ, सभेत भाषणाला उभा राहिल्यासारखी. आयुष्यभर या दोघांचे जमले आणि बिनसले. पण १८९२ साली इब्सेनच्या मुलाचे, सिगुर्डचे, ब्यर्नसनच्या मुलीशी लग्न झाले. इंग्रजी ग्रंथांत या नात्यासाठी लांबलचक शब्दयोजना करावी लागते. मराठीत एक शब्द पुरतो : व्याही. दोन व्याही नाट्यगृहाच्या दारात उभे, आणि दोघांचे तोंड एकमेकांकडे नाही. मला फार घरचे वाटले ते दृश्य.

आपल्याकडे ब्यर्नसनचे नाव आता कोणाला फारसे माहीत नाही. त्याला १९०३ साली साहित्याचे नोबेल मिळाले, नॉर्वेच्या राष्ट्रगीताचे शब्द त्याचे. पण मराठी रंगभूमीच्या इतिहासात तो इब्सेनच्या आधी दारातून आत येतो. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ते ब्यर्नसनच्या ‘अ गाँटलेट’ या नाटकावर बेतलेले. लग्नाआधीच्या शुद्धतेची अपेक्षा मुलीकडूनच का, मुलाकडून का नाही, असा त्या नाटकाचा प्रश्न. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. पुढे १९४२ साली रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तही त्याच होत्या, आणि ‘कुलवधू’चे नाते आपण नेहमी नोराशी जोडतो. काणेकरांचे ‘घरकुल’ त्याच सुमाराचे. म्हणजे जवळपास दहा वर्षांत हे दोन्ही व्याही मुंबईला येऊन गेले होते. मी त्यांच्या दारात जायला आणखी सहा दशके लागली.

इब्सेनच्या मृत्यूला त्या वर्षी शंभर वर्षे झाली होती. शहरात जागोजाग त्याचा चेहरा, ते कल्ले, तो चष्मा. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीशी जाऊन मी किंमत विचारली, सातने गुणले, ‘थँक यू’ म्हणून बाहेर आले. मग पायऱ्यांजवळच्या बाकावर बसून आत जाणारे लोक पाहिले. नाटकावर वर्षभर लिहिलेली बाई नाटकगृहाच्या बाहेर बसली आहे, याचे त्या दिवशी वाईट वाटले. आज वाटते, की माझ्या ओस्लोतल्या तीन दिवसांचे ते अगदी खरे चित्र होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इब्सेनचे घर पाहिले. राजवाड्याच्या बागेसमोर, आर्बिन्स गाटेच्या कोपऱ्यावरचे. १८९५ पासून १९०६ साली मृत्यू येईपर्यंत तो तिथे राहिला. अभ्यासिकेत भिंतीवर स्ट्रिंडबर्गचे मोठे तैलचित्र आहे. ज्याच्याशी वैर, त्याचेच चित्र विकत आणून इब्सेनने ते समोर लावले होते. त्या वेड्याची नजर आपल्यावर असल्याशिवाय लिहवत नाही, असे तो म्हणायचा असे सांगतात. शेवटच्या वर्षांत पक्षाघाताने लिहिणे बंद झाले. आमच्याबरोबरच्या मार्गदर्शक बाईंनी खिडकी दाखवली. तिथे तो बसून असायचा.

त्या खिडकीपाशी मला एका गोष्टीचा पहिल्यांदा नीट विचार करावासा वाटला. १८६४ साली हा माणूस देश सोडून गेला आणि सत्तावीस वर्षे बाहेर राहिला. रोम, ड्रेस्डेन, म्युनिक. ‘अ डॉल्स हाउस’ त्याने १८७९ साली इटलीत लिहिले, आणि त्याचा पहिला प्रयोगही नॉर्वेत नव्हे, कोपनहेगनला झाला. नॉर्वेजियन दिवाणखाना त्याने नॉर्वेबाहेर बसून पाहिला. हे सगळे मी प्रबंधिकेत लिहिले होते, गुणही मिळाले होते. पण तो १८९१ साली परत आला, हे मी एका अर्ध्या वाक्यात उरकले होते. परत येऊन त्याने काय केले? रोज ठरल्या वेळी घरातून निघून, राजवाड्याची बाग ओलांडून, कार्ल योहानवरून ग्रँड कॅफेपर्यंत चालत जायचे. लोक त्याच्यावरून घड्याळे लावत. मीही तेच अंतर चालले. फार नाही, आपल्या गावच्या स्टँडपासून बाजारापर्यंत असेल तेवढे. ग्रँड कॅफेच्या काचेतून आत पाहिले. आत जाण्याचा प्रश्न नव्हता.

चालताना आठवला तो नाटकाचा दुसरा शेवट. जर्मनीतल्या एका नामवंत अभिनेत्रीने आई मुलांना टाकून जाते असा शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी आपल्या नाटकाची मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी, म्हणून इब्सेनने स्वतः पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला झोपलेल्या मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत नेतो आणि ती तिथेच खाली कोसळते. जात नाही. या शेवटाला इब्सेननेच रानटी अत्याचार म्हटले होते. माझ्या डोक्यात सोमवारचा प्रश्न याच रूपात उभा होता. थांबले तर खरी नोरा, परतले तर जर्मन नोरा. वर्षभर नाटकाचा अभ्यास केलेल्या माणसाला आयुष्यही दोन शेवटांत दिसू लागते.

संध्याकाळी फोन करायचा होता. स्वस्त फोन कुठे मिळेल म्हणून चौकशी केली तेव्हा ग्रोनलांड या भागात जायला सांगितले. रेल्वे स्थानकाच्या पलीकडे गेले आणि एकदम कोथिंबीर दिसली. खोक्यांत कोथिंबीर, भेंडी, आले. दुकानांच्या पाट्यांवर उर्दू. पाकिस्तानातल्या पंजाबातून साठ-सत्तरच्या दशकांत कामासाठी आलेल्या माणसांची तिथे मोठी वस्ती आहे. एका छोट्या दुकानात खाण्याचे पदार्थ आणि मागच्या बाजूला फोनच्या तीन लाकडी खोल्या. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. मी एक समोसा मागितला तेव्हा त्यांनी निरखून पाहिले.

‘इंडिया से? अकेली आई हो, बेटी?’

‘नहीं चाचा, दो सहेलियाँ हैं साथ में. होटल में बैठी हैं.’

मी पुन्हा खोटे बोलले, आणि या वेळी तर काही कारणही नव्हते. चाचांनी मान हलवली, कागदात आणखी दोन समोसे घातले. मी पैसे काढू लागले तर म्हणाले, ‘ये मेरी तरफ़ से. बच्चियाँ भूखी होंगी.’ माझ्या न आलेल्या मैत्रिणींच्या वाटचे समोसे हातात घेऊन मी फोनच्या खोलीत गेले.

बार्शीला रात्रीचे साडेनऊ झाले असतील. पहिल्याच घंटीला अण्णांनी फोन उचलला.

‘पोचलात ना नीट?’

‘पोचलो, अण्णा.’

‘थंडी आहे?’

‘आहे थोडी. स्वेटर घातलाय.’

मग ते जरा थांबले. म्हणाले, ‘तुझ्या मैत्रिणींना दे बघू फोन. आभार मानतो त्यांचे. दोन वाक्यं तयार करून ठेवलीत.’

अण्णांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, पण शाळेबाहेरच्या कुणाशी इंग्रजीत बोलण्याचा प्रसंग त्यांना क्वचितच आला होता. ती दोन वाक्ये त्यांनी कागदावर लिहून फोनपाशी ठेवली असणार, हे मला इतक्या दूरवर दिसले.

‘त्या पुढे गेल्यात, अण्णा. काही खायला घ्यायला.’

तारेवर नुसती खरखर ऐकू येत राहिली. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘माझा नमस्कार सांग त्यांना. मीटर पडत असेल, ठेव आता.’

त्या रात्री वसतिगृहाच्या वरच्या बंकवर बसून मी तीन समोसे खाल्ले आणि नाटक पुन्हा वाचायला घेतले. झोप येईना म्हणून. वर्षभरात किती वेळा वाचले होते, पण त्या रात्री मी ते अभ्यासक म्हणून वाचत नव्हते. नोराने काय केले होते? नवऱ्याला हवापालटासाठी इटलीला नेता यावे म्हणून कर्ज काढले, आणि जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली. सही २ ऑक्टोबरची, आणि वडील २९ सप्टेंबरला वारलेले. ते आजारी होते, त्यांना त्रास नको होता, म्हणून सही मागितली नाही, हे तिचे समर्थन. नवऱ्याला तर आपण आजारी आहोत हेच कळू द्यायचे नव्हते. कर्ज, प्रवास आणि वडिलांची सही. माझ्याकडेही तेवढेच होते. फक्त माझ्या कागदावरची सही खरी होती आणि माझ्या फोनवरचा शब्द खोटा.

आपण शिकवतो ते असे : वडिलांनी नोराला बाहुली केले, मग नवऱ्याने केले. हे तीच म्हणते आणि ते खरे आहे. पण ‘उगाच त्यांना त्रास नको’ म्हणून ती ज्या गोष्टी लपवते, त्यात तिने त्या दोघांनाही बाहुल्याच केलेले असते. ज्याला सत्य झेपणार नाही असे आपण परस्पर ठरवतो, त्याला आपण माणूस म्हणून मोजायचे सोडतो. हेल्मरच्या बाबतीत तिचा अंदाज काही चुकीचा निघाला नाही, सत्य कळल्यावर तो कसा वागतो ते आपण पाहतोच. वडिलांच्या बाबतीत मात्र काय झाले असते ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांना विचारलेच गेले नाही.

आणि मग ती दोन-तीन वाक्ये, ज्यांवरून माझे डोळे वर्षभर घसरत गेले होते. नोरा दार ओढून घेते त्याच्या आधी बरेच काही घडते. ती नवऱ्याला टेबलाशी समोर बसवते. लग्नाला आठ वर्षे झाली आणि आपण गंभीरपणे बोलायला आज पहिल्यांदा बसलो आहोत, हे त्याच्या लक्षात आणून देते. नंतर स्पष्ट सांगते, की आजची रात्र ती क्रिस्टिनेकडे काढणार आहे आणि उद्या आपल्या जुन्या गावी जाणार आहे. तिथे काही काम मिळणे तिला सोपे जाईल. म्हणजे नोरा शून्यात जात नाही. ती मैत्रिणीकडे जाते, आणि मग गावी जाते. नाटकात हे साध्या शब्दांत लिहिलेले आहे. दार बंद झाल्याच्या आवाजात ते आपल्याला ऐकू येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहातल्या संगणकात नाणी टाकून मी प्राध्यापकांना उत्तर लिहिले. आभार मानले, आणि परत जाते आहे असे कळवले. मी स्वतःला सांगितले, की नोराही गावीच जाते. घर गहाण आहे, अण्णा निवृत्त होतील, हप्ते सुरू होतील. सगळी कारणे खरी होती. पण ती मी एकटीनेच मांडली आणि एकटीनेच मान्य केली. टेबलाशी समोर कोणी नव्हते. हे मला त्या वेळी दिसले नाही. नाटक रात्री समजले म्हणून सकाळी माणूस बदलतो असे नाही.

त्याच दुपारी राष्ट्रीय चित्रदालनात मुंकची ‘किंकाळी’ पाहिली. १८९३ सालचे हे चित्र त्या जुन्या इमारतीत होते. ती इमारत २०१९ साली बंद झाली आणि २०२२ पासून चित्र नव्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुंक संग्रहालयातली त्याची दुसरी प्रत २००४ साली चोरीला गेली होती, ती मी जाण्याच्या थोडेच आधी, ऑगस्टच्या अखेरीस सापडली होती. मूळ चित्र छापील प्रतींहून फिके वाटले. बहुतेक लोक तो चेहरा पाहत होते. मला मात्र मागे, पुलाच्या टोकाला, पाठमोऱ्या जाणाऱ्या दोन आकृती दिसल्या. मुंकने स्वतःच नोंद करून ठेवले आहे, की सूर्यास्ताच्या वेळी तो दोन मित्रांबरोबर चालला होता. मित्र पुढे गेले आणि तो कठड्याशी थांबला. ‘त्या पुढे गेल्यात, अण्णा.’ मी चित्रदालनात एकटीच हसले, आणि मग डोळ्यांत पाणी आले. पहारेकऱ्याने पाहिले असावे. त्या चित्रापुढे रडणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील.

ऑक्टोबरात मी बार्शीला परतले. माझ्याकडे अण्णांनीच दिलेला रोलचा कॅमेरा होता. ओस्लोचा रोल गावातल्या स्टुडिओत धुवायला टाकला, छत्तीस फोटो आले, ते अल्बममध्ये लावले. रात्री जेवणानंतर अण्णा चष्मा लावून अल्बम घेऊन बसले. राजवाडा, दोन व्याही, नाट्यगृहाच्या पायऱ्या, बंदरातली जहाजे, कोथिंबिरीची खोकी. प्रत्येक फोटोची माहिती मी देत होते, ते ‘हं’ म्हणत होते. शेवटचे पान उलटल्यावर त्यांनी अल्बम पुन्हा पहिल्यापासून चाळला. मग मिटला.

‘तुझ्या मैत्रिणींना कॅमेरा धरता येत नव्हता वाटतं?’ ते म्हणाले.

छत्तीसपैकी एकाही फोटोत मी नव्हते. एकही माणूस नव्हता ज्याच्या हातात मी कॅमेरा दिला असता.

मी काही बोलले नाही. आई भांडी आवरत होती. अण्णांनी चष्मा काढून घडी केला आणि म्हणाले, ‘चांगले आहेत फोटो. आकाश फार छान आलंय.’ हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. आईलाही सांगितले नाही. म्हणजे त्यांना झेपले. इतकेच नव्हे, मी सांगितले असते तर फोटोंविषयी आणखी चार प्रश्न विचारून त्यांनी सगळे समजून घेतले असते, असे मला आज वाटते. ती दोन इंग्रजी वाक्ये कोणती होती, हे मात्र मी कधी विचारू शकले नाही.

कर्ज २०१२ साली फिटले. अण्णा २०१६ साली गेले. मी पुढे पुण्यालाच पीएच. डी. केली. नोकरी आहे, शिकवणे मला आवडते, आणि परत आल्याचा पश्चात्ताप आहे असे मी म्हणणार नाही. तो दुसरा शेवट नव्हताच. पण एका गोष्टीचे उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा मी फोनवर म्हटले असते, ‘अण्णा, मी इथे एकटीच आहे, आणि मला असं असं विचारलं आहे, काय करू?’, तर ते काय म्हणाले असते? कदाचित ‘ये परत’ म्हणाले असते. कदाचित ‘घराचं मी बघतो, तू थांब’ म्हणाले असते. तसे म्हणण्याची संधी मी त्यांना दिली नाही. त्यांची काळजी वाचवली आणि त्यांचे मतही.

म्हणून वर्गात नोरा कुठे जाते असे कोणी विचारले की मी म्हणते, ती गावी जाते, पण जाण्याआधी काय करते ते वाचा. मुली पाने उलटतात. काहींना ती वाक्ये सापडतात, काहींना दाखवावी लागतात. परवा प्रश्न विचारणारी मुलगी थोडी हिरमुसली. ‘म्हणजे शेवटी गावीच?’ म्हणाली. हो, म्हटले, पण सगळे सांगून.

तो अल्बम अजून बार्शीच्या घरी, अण्णांच्या कपाटात आहे. दिवाळीला गेले की एकदा काढून पाहते. फोटोंचे रंग आता पिवळट झाले आहेत, आकाश मात्र टिकून आहे. त्यात मी नाही हे अण्णांनी ओळखले. त्या दिवशी सकाळी लिहिलेले ते उत्तरही त्यात नाही. ते कोणत्याच फोटोत दिसण्यासारखे नव्हते.